रेडिओच्या कानात

पहिल्या भेटीत तिने मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जातही विचारली नाही. माझ्या मनगटाकडे बोट करून ती म्हणाली, "हे काढून ठेवत जा जी मास्तर. घड्याळ बांधलं का डावा हात आळशी होते. आमचा पटवारी पाहा. त्याच्या डाव्या हातानं आता लोटा बी उचलत नाई."

मी खांद्यावरची वळकटी खाली ठेवायच्या आतच हे मत माझ्यापुढे आलं होतं. पुढे कळलं, की या घरात पाहुण्याला आधी मत मिळतं, पाणी मागाहून.

मी तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेला. आरमोरी आणि ब्रह्मपुरीच्या मधल्या एका गावी प्राथमिक शाळेवर मास्तर म्हणून लागलो होतो. भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, पलीकडे जंगल, आणि गावाच्या उशाला मोठा तलाव. भाड्याने खोली देईल असं गावात एकच घर होतं, तिचं. मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, पडवीला लागून माझी खोली. ती साठीच्या आसपासची विधवा. एकुलती लेक आरमोरीला दिलेली. दोन बांध्या, एक बैलजोडी आणि एक गाय एवढा तिचा संसार. गाव तिला नुसतं 'बाई' म्हणे. मीही बाईच म्हणू लागलो.

बाईला प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते जवळ ठेवणं तिला जमत नसे. अंगण झाडताना, गाईची धार काढताना, पाठमोरी असतानाच ती सुरू होई, "आपलं असं म्हननं आहे जी..." तिकडे बायकाही 'मी जातो, मी सांगतो' असंच बोलतात. त्यामुळे सुरुवातीला मला एखादा पुरुषच बोलतोय असं वाटायचं, आणि आवाजही तसाच भरदार होता.

गिरणीतला तांदूळ तिच्या घरात येत नसे. का, तर "गिरनीत धान भेते. येवढा आवाज, येवढा धक्का. भेलेला तांदूळ पोटात जाऊन काय ताकद देनार?" म्हणून ती या वयातही उखळात कांडायची. आगगाडीत ती एकदाच बसली होती, वडसा ते नागभीड. त्यावरून तिने कायमचं ठरवून टाकलं होतं, की रेल्वे इंग्रजाने माणसं न्यायला आणलीच नाही. "रूळ जंगलात काऊन घातले मंग? सागवान नेयासाठी. मानूस बसते ते उरल्या जागेत." यातलं किती खरं आणि किती खोटं हे मला कधी वेगळं करता आलं नाही. कारण त्याच दमात ती असंही सांगे, की इंग्रज देश सोडून गेला तो हिवतापाला कंटाळून. चळवळ-बिळवळ मागून जोडलेली.

मी चौथीला इतिहास शिकवत असे. ते तिला रुचत नसे. शाळा तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, माझा आवाज तिथवर जाई. संध्याकाळी जेवताना ती उलटतपासणी घेई.

"तुमच्या पुस्तकातले राजे सारे लढतेच. पेरते कवा? जेवते कवा?"

एकदा मी चांद्याच्या गोंड राजांचा परकोट मुलांना वर्णन करून सांगितला. केवढी भिंत, किती दरवाजे, कसा बंदोबस्त. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "भिंत बांधली तवाच राजा हरला जी. ज्याले भेव नाई तो भिंत कायले बांधीन?"

मी म्हटलं, "बाई, भिंत बांधल्यावरही त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राज्य केलं."

"केलं असंल. पन भेत भेत."

मी वाद वाढवला. परिणाम ताटात दिसला. लाखोळीच्या डाळीचं वरण ती घट्ट करायची, पण मतभेद झाला की दुसऱ्या वाढीला वरणात पाणी. मी तिथे राहिलो त्या काळात माझी प्रकृती बाईशी किती पटतं यावर अवलंबून असे.

हे सगळं मजेचं होतं. गाव हसायचं, मी हसायचो. तिच्या मतांना कोणाची हरकत नव्हती, कारण त्यांनी कोणाचं काही बिघडत नव्हतं. मग मालगुजारांकडे रेडिओ आला.

मालगुजारी कायद्याने नुकतीच संपली होती, पण ते कागदावर. गाव त्यांना अजून 'मालक'च म्हणे. तलाव त्यांचा, तलावाखालची उत्तम जमीन त्यांची, निम्म्या गावाची घरं उभी होती ती जागाही कोणे एके काळी त्यांनीच दिलेली. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत कधी सोडायचं हे त्यांचे दिवाणजी ठरवत. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत पाऊस लांबला तर दिवाणजींची मान कुठे वळते इकडे साऱ्या गावाचे डोळे लागलेले असत.

रेडिओ नागपूरहून आला. विटेएवढी बॅटरी, छपरावर दोन बांबूंमध्ये ताणलेली तार. संध्याकाळी मालकांच्या ओसरीवर टेबलावर तो ठेवत, वर विणलेला रुमाल, आणि गाव अंगणात बसून ऐके. बाई पहिल्या दिवशी गेली. समोर बसलीच नाही. टेबलाच्या मागे जाऊन वाकून पाहून आली.

वाटेत मला म्हणाली, "मास्तर, हा मानूस काही चांगला नाई."

"कोण?"

"रेडिओ. सारा वेळ आपनच बोलते. आपन काही म्हटलं तं थांबत नाई. असा जावई असता तं म्या लेक देल्ली नसती."

त्याच हिवाळ्यात देशातली पहिली निवडणूक आली. मालकांचे मेहुणे उभे राहिले, निशाणी शिडी. त्या वेळची पद्धत अशी होती, की प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचं चित्र. मतदाराने पडद्याआड जायचं आणि हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. मी शाळेत मुलांना खोक्यांवर चित्रं काढून हे समजावलं. मुलांनी घरी सांगितलं. गावात पहिल्यांदाच असं बोललं जाऊ लागलं, की आत कोणी पाहत नाही म्हणे.

हे दिवाणजींच्या कानावर गेलं असावं. आठवडाभरात दुसरीच बातमी पसरली. सुरुवात कुठून झाली ते कोणी सांगेना, पण सगळ्यांच्या तोंडी तीच. मालकांचा रेडिओ नुसता बोलत नाही, ऐकतोही. आणि सरकारने पेट्यांत तसलंच यंत्र बसवलं आहे. कोणत्या हाताने कोणत्या पेटीत कागद टाकला ते पेटी रेडिओला सांगते आणि रेडिओ मालकांना.

आज हे वाचताना हसू येईल. त्या गावात त्या दिवसांत कोणी हसलं नाही. लोक ओसरीवर रेडिओ ऐकायला येत, पण आपसात बोलेनात. पारावरच्या गप्पा बंद झाल्या. मालकांच्या वाड्यासमोरून जाताना बायका तोंडाला पदर लावू लागल्या. मी वर्गात सांगितलं, पारावर सांगितलं, घरोघर जाऊन सांगितलं, की हे खोटं आहे, रेडिओला ऐकू येत नाही, पेटी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा आहे.

माझा शेजारी सोमा, गोंड शेतकरी, टोकाच्या बांधीचा मालक. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, तुमी खरंच सांगत असाल," तो म्हणाला. "पन तुमचं म्हननं खोटं निघालं तं तुमी बदली करून जाल. आमी कुठी जाऊ? माही बांधी शेवटची हाय. पानी माह्यापर्यंत येते ते साऱ्यांचं भरून."

मी घरी आलो आणि बाईला सगळं सांगितलं.

त्या संध्याकाळी बाईने मत दिलं नाही. वरण घट्ट होतं. मी ताट उचलताना तिने फक्त एवढं विचारलं, "मोठ्याबाई संध्याकाळी ओसरीवर बसते ना जी अजून?"

मोठ्याबाई म्हणजे मालकांची आई. पासष्टीला टेकलेली, ताठ कण्याची बाई. ती आणि आमची बाई एकाच साली त्या गावात सुना म्हणून आल्या होत्या, एक मालकांच्या घरी आणि एक गवताच्या छपराखाली. बाईने उमेदीच्या काळात मालकांच्या घरी धान कांडलं होतं. मुसळाच्या तालावर दोघींच्या गप्पा चालत, असं ती सांगे. मालक घरात सगळ्यांवर ओरडत, पण आईसमोर आवाज चढवत नसत, हे गावाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओसरीसमोर अंगणात बसलो होतो. रेडिओवर कुठलंसं भजन चाललं होतं. मालक आरामखुर्चीत, दिवाणजी शेजारी, दाराजवळ बाजेवर मोठ्याबाई. मालकांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, ती आत. बाई आली ती सरळ ओसरी चढली. मोठ्याबाईच्या पाया पडली आणि वाकून तिच्या कानात काहीतरी बोलली. मोठ्याबाईने मान हलवली. मग बाई टेबलाकडे गेली, रेडिओवरचा रुमाल उचलला, तोंड जाळीला लावलं आणि तशीच कुजबुजली. भजन चालूच होतं.

अंगणात कोणी हलेना.

बाई सरळ उभी राहिली. "मालक, दिवानजी म्हनते याले कान हायत. म्या जे मोठ्याबाईच्या कानात सांगतलं तेच याच्या बी कानात सांगतलं. विचारा बरं त्याले, म्या काय म्हटलं."

मालक हसले. "बाई, घरी जा. थंडी पडली आहे."

"जातो ना जी. येवढं सांगा अना जातो."

दिवाणजी मध्ये पडले. "ते असं लगेच सांगत नाही."

"कवा सांगते?"

"वेळ लागतो."

"पेटीचं तं त्याच दिवशी सांगनार म्हनते लोक. माहं काऊन नाई?"

मालकांनी आईकडे पाहिलं. "आई, काय म्हणाली ही?"

"नाई जी," बाई म्हणाली, "मोठ्याबाईले कान हायत ते आमाले माहीत हाय. याचे पाहाचे हायत. याले विचारा."

मालकांनी उठून रेडिओ बंद केला. भजन ओळीच्या मध्येच तुटलं. तलावावरच्या पाणकोंबड्यांचा आवाज ऐकू येत होता. मालकांचा चेहरा लाल झाला होता. अंगणात बसलेला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे पाहत होता, आणि इतकी माणसं इतका वेळ आपल्याकडे सरळ पाहत आहेत याची त्यांना सवय नव्हती.

"तू काय सांगणार!" ते म्हणाले. "मला शिव्याच दिल्या असशील."

"हेच सांगतलं त्यानं?"

"हेच."

बाईने मोठ्याबाईकडे पाहिलं. मोठ्याबाईने पदर सावरला. मुलाची लाज राखायची की खरं बोलायचं, हे ती त्या क्षणी तोलत असावी.

"बाळा," ती हळू म्हणाली, "शिवी नाई देल्ली रे तिनं. तुह्या लेकीचे दिवस भरत आले. तिची सुखरूप सुटका होऊ दे, मी देवीची ओटी भरीन, असं म्हटलं तिनं."

बायकांच्या बाजूने कोणीतरी फिस्‌कन हसलं. लगेच दाबलं, पण ऐकू सगळ्यांना गेलं. मालक आत निघून गेले. दिवाणजी मात्र जागचे उठले नाहीत. ते बाईकडे पाहत राहिले.

त्या हसण्याची मला भीती वाटली होती, आणि ती खरी ठरली. दोन-तीन दिवसांनी भर दुपारी, मी वर्गात असताना, बाईच्या अंगणातून धूर उठला. धानाच्या पेंढ्याचा, तणसाचा ढीग पेटला होता. बैल आणि गाय वर्षभर खातील एवढं तणस, खळं नुकतंच आटोपलेलं. आम्ही मुलांसकट धावलो. विहिरीचं पाणी, ओले गोणपाट, जे मिळेल ते. ढीग वाचला नाही. छप्पर वाचलं ते केवळ वारा उलट्या बाजूचा होता म्हणून.

मी म्हटलं, "बाई, आपण आरमोरीला जाऊ. पोलिसांत सांगू."

तिने तोंड उघडलं. मला वाटलं, आता पोलिसांवरचं मत येणार. पण ती पडवीत खाली बसली. राखेने भरलेले हात मांडीवर ठेवलेले. ती त्यांच्याकडे अशी पाहत होती, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

"मले भेव लागून राह्यलं मास्तर," ती म्हणाली.

एवढंच. मग उठून तिने गाईला पाणी पाजलं. सोमाची बायको संध्याकाळी डोक्यावर तणसाचा भारा घेऊन आली, अंगणात टाकला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आणखी एका घरून भारा आला. तिसऱ्या दिवशी परसाच्या कुंपणावरून कोणीतरी आत टाकून गेलं. कोणी नाव सांगितलं नाही. बाईनेही विचारलं नाही.

मतदानाच्या दिवशी केंद्र माझ्याच शाळेत होतं. अधिकारी बाहेरचे. मला रांग लावायला आणि माणसं ओळखायला ठेवलं होतं. पण रांगच नव्हती. सकाळी मालकांची घरगडी माणसं मत देऊन गेली. बाकी गाव शाळेसमोरच्या चिंचेखाली बसून होतं. आधी कोण उठतं, हे प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवत होता. मालक मेहुण्यांबरोबर दुसऱ्या गावांना गेले होते. शाळेच्या वाटेवर, सरकारी हद्द सोडून, दिवाणजी खुर्ची टाकून बसले होते. ते कोणाला काही म्हणत नव्हते. जाणाऱ्याला त्यांच्यासमोरून जावं लागे, एवढंच.

ऊन चढलं तशी बाई आली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, एकटी. चिंचेखालचं गाव तिच्याकडे पाहू लागलं. ती दिवाणजींच्या समोर आली आणि ते अगदी आपुलकीने म्हणाले, "बाई, तणसाचा ढीग एकच होता ना? घरही गवताचंच आहे म्हणतो मी. जपा जरा."

मी शाळेच्या पायरीवर उभा होतो. मला ऐकू आलं, अधिकाऱ्यांना आलं नाही. बाई थांबली. खाली पाहिलं. आणि वळून, आली त्या वाटेने परत निघाली.

चिंचेखाली कोणीतरी मोठा उसासा सोडला. दोन-चार माणसं धोतर झटकून घराकडे जायला उठली. अधिकाऱ्याचं जेवण आटोपल्यावर मी आत जाऊन त्याला वाटेवरच्या खुर्चीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "हद्दीबाहेर आहे. तक्रार कोणी करतंय का?" मी म्हटलं, मी करतो. तो उठला, पायरीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

बाई परत येत होती. या वेळी तिच्या हातात हात घालून मोठ्याबाई चालत होती.

मालकांच्या घरची बाई गावातून पायी कधी कोणी पाहिली नव्हती. ती जायची ती बंद छकड्यातून. आता ती भर उन्हात, पदर डोक्यावरून पुढे ओढून, पायात वहाणा नाहीत, एकेक पाऊल मोजून टाकत येत होती. बाईने तिला धरलं होतं की तिने बाईला, ते कळत नव्हतं. दिवाणजी खुर्चीतून उठले. उठावंच लागलं. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "मोठ्याबाई, छकडा जोडला असता. मालकांना विचारलं होतं का?"

"मत माहं हाय," मोठ्याबाई म्हणाली. "खुर्ची बाजूले घे. दोघी सोबत चालतो, वाट पुरत नाई."

दिवाणजींनी स्वतःच्या हाताने खुर्ची उचलली आणि वाटेच्या कडेला ठेवली. पुन्हा बसले मात्र नाहीत.

दोघी पायऱ्या चढल्या. बोटाला शाई लावताना बाईला तिचं मत परत सापडलं. "येवढी कायले लावता जी? गोंदूनच द्या ना एकदाचं." अधिकारी हसला. आधी मोठ्याबाई पडद्याआड गेली, मग बाई. बाहेर आल्या तेव्हा चिंचेखालून सोमाची बायको निघाली होती. तिच्यामागे आणखी बायका, आणि सगळ्यांत मागे, बायकांच्या आडोशाने, सोमा. दुपारनंतर मला रांग आवरेना.

मी संध्याकाळी बाईला विचारलं, मोठ्याबाईला कसं तयार केलं. ती म्हणाली, "तयार काय करनार? म्या म्हटलं, शाळेपर्यंत माह्यासंग चाला, एकटीले भेव लागते. तिनं विचारलं, कायचं भेव. म्या तनसाचं सांगतलं. तिले घरात कोनी सांगतलंच नव्हतं."

मालकांचे मेहुणे निवडून आले. बाकीच्या गावांनी त्यांना हात दिला. आमच्या गावातली त्यांची पेटी हलकी होती असं नंतर कानावर आलं. बाईला निकालाचं फारसं दुःख झालं नाही. मालकांची लेक सुखरूप बाळंत झाली आणि बाईने बोलल्याप्रमाणे देवीची ओटी भरली.

घर कोणी जाळलं नाही. पण त्या पावसाळ्यात रोवणीच्या ऐन वेळी पाऊस थांबला आणि तलावाचं पाणी तिच्या बांधीपर्यंत आलं नाही. सोमाच्याही नाही. पुढच्या वर्षी तेच. तिने आधी एक बैल विकला, मग दुसरा, आणि एका उन्हाळ्यात लेकीने बैलगाडी पाठवून तिला आरमोरीला नेलं. जाताना ती गाडीवानाशी चाकाच्या वंगणावरून भांडत होती. गाडी वळेपर्यंत तिचा आवाज येत होता. घर रिकामं झालं. सोमाच्या पलीकडच्या घराने आता मला खोली दिली. तिथे वरण एकाच प्रकारचं असे.

तीन-चार वर्षं गेली. मोठ्याबाई आजारी पडली, अंथरुणाला खिळली आणि वरचेवर एकच नाव घेऊ लागली. मालकांनी आरमोरीला छकडा पाठवला. बाई आली. मोठ्याबाईच्या बाजेला लागून जमिनीवर ती बसून असे. जाणारी-येणारी माणसं सांगत, की ती सतत काहीतरी बोलत असते. आगगाडीवर, नवीन सडकेवर, गावातल्या मेलेल्या माणसांवर. मोठ्याबाई डोळे मिटून ऐकते आणि मधूनच हसते. तसंच ऐकता ऐकता एका सकाळी ती गेली.

दिवस झाल्यावर बाई आरमोरीला परत निघाली. मी तिला भेटायला मालकांकडे गेलो होतो. छकडा जोडलेला होता. मालक ओसरीवर उभे होते, डोकं भादरलेलं, एकदम म्हातारे दिसत होते. दिवाणजींना त्यांनी आत जायला सांगितलं. मीही निघालो, तर हाताने थांबवलं. कदाचित एकटं विचारण्याचं धैर्य त्यांना होत नसावं.

"बाई," ते म्हणाले, "त्या वेळी, शाळेत... आईनं मत कोणाला दिलं होतं?"

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता.

"म्या विचारलंच नाई जी."

"तुला सांगितलं असेल. तुला सगळं सांगायची ती. आता काय राग धरून आहे मी? सांग."

"नाई सांगतलं मालक. म्या विचारलं नाई, अना तिनं सांगतलं नाई. दोघी घरी आलो, तिनं मले गूळ-शेंगदाने देल्ले, झालं."

मालक तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. तो पुढेही कधी बसला नसावा. बाई छकड्यात चढली, पाय आत घेतले, मग पडदा बाजूला करून म्हणाली, "सोमाच्या बांधीले पानी सोडजा जी औंदा. शेवटची हाय."

मालकांनी मान हलवली की नुसती खाली घातली, ते मला नीटसं दिसलं नाही. छकडा निघाला. त्या पावसाळ्यात रोवणीच्या वेळी पाट शेवटपर्यंत वाहिला. सोमा सांजेला चिखलाच्या पायांनी माझ्या दारात आला आणि म्हणाला, "मास्तर, आरमोरीले कागद लिहा. पानी आलं म्हना."